दमट हवेत नवा गिलावा आणि रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिलावा नवा, हवा दमट आणि रंगारी दारात. हे तिन्ही एकत्र आलं की घाई होते, आणि घाईत लावलेल्या रंगाला काही आठवड्यांतच फुगे येतात. खालचे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते आहेत, शब्दही शक्यतो त्यांचेच ठेवले आहेत. साधे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. गिलावा झाल्यावर किती दिवसांनी रंग लावायचा?

सगळे २८ दिवस सांगतात. हा आकडा सिमेंटच्या ताकदीचा आहे. ताकद तपासण्याचा ठरलेला दिवस अठ्ठाविसावा असतो, म्हणून तो सगळ्यांच्या तोंडी बसला. भिंतीतलं पाणी गेलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

दिवस मोजायचेच असतील तर पाणी मारणं थांबवलं त्या दिवसापासून मोजा, गिलावा केला त्या दिवसापासून नको. हवा कोरडी आणि खेळती असेल तर १२ ते १५ मिलिमीटर गिलाव्याला तिथून साधारण चार आठवडे पुरतात. सतत दमट हवेत त्याच गिलाव्याला दीड-दोन महिने लागले तरी नवल नाही. म्हणून मी कुणालाच तारीख सांगत नाही. भिंत तपासा (प्रश्न ६), आणि ती तयार झाली की लावा.

२. भिंत हाताला कोरडी लागते, रंगही पांढुरका झालाय. मग वाळली ना?

वरची कातडी वाळली. गिलावा दोन टप्प्यांत वाळतो. आधी पृष्ठभागावरचं पाणी उडून जातं, हे झपाट्याने होतं आणि डोळ्यांना दिसतं. त्यानंतर आतलं पाणी बारीक छिद्रांमधून वाट काढत बाहेर येतं. हा टप्पा फार संथ असतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हात लावून तपासणारा माणूस पहिला टप्पा संपला की काम झालं असं समजतो, आणि बहुतेक चुका नेमक्या इथेच होतात.

३. आधी पाणी मारा म्हणता, मग वाळवा म्हणता. हे उलटसुलट नाही का?

नाही, कारण सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते घट्ट होतं. आतली आर्द्रता साधारण ८० टक्क्यांच्या खाली गेली की ही क्रिया जवळजवळ थांबते. पहिल्या आठवड्यात गिलावा सुकला तर तो कायमचा कच्चा राहतो: नखाने खरवडला तर वाळू सुटते, वर केसासारख्या भेगा पडतात. त्यावर कितीही चांगला रंग लावा, तो गिलाव्याचा थर सोबत घेऊनच सुटेल. म्हणून किमान सात दिवस ओल टिकवायची आणि त्यानंतरच वाळवायला घ्यायचं.

किती पाणी बाहेर काढायचं असतं याचा एक ढोबळ हिशेब देतो. १० चौरस मीटर भिंतीवर १५ मिलिमीटर गिलावा म्हणजे १५० लिटर मसाला. एकास चार प्रमाण धरलं तर त्यात सिमेंट ५५ ते ६० किलो आणि पाणी चाळीसेक लिटर. सिमेंट आपल्या वजनाच्या साधारण पाव भाग पाणी क्रियेत कायमचं बांधून घेतं, म्हणजे १४ लिटरच्या आसपास. उरलेल्यातलं थोडं छिद्रांत राहिलं तरी वीसेक लिटर पाणी हवेत जायला हवं. आठवडाभर मारलेलं पाणी आणि विटांनी शोषलेलं पाणी यात धरलेलंच नाही. खोलीच्या एकाच भिंतीतून बादलीभर पाणी वाफ होऊन जायचंय, हे लक्षात घेतलं की घाई करावीशी वाटत नाही.

४. हवा एवढी दमट असताना पाणी मारायची गरज काय?

गिलाव्याकडे बघा. पहिल्या सात दिवसांत त्याचा गडद रंग फिका पडता कामा नये. संततधार असेल, ऊन-वारा नसेल तर तो आपोआप गडद राहतो, मग पाइप लावून भिंत भिजवू नका. पण दमट दिवशीही वारा सुटतो, ढग सरून ऊन पडतं, कोरड्या विटा मागून पाणी ओढतात. एखादी भिंत दुपारपर्यंत फिकी पडत असेल तर तिच्यावर हलका फवारा मारा. सगळ्या भिंतींना एकच नियम लावायचं कारण नाही.

५. दमट हवेत वाळायला नेमका किती जास्त वेळ लागतो, आणि का?

३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ५० टक्के असेल तर १५ ग्रॅमची जागा रिकामी असते. ८० टक्के असेल तर फक्त सहा ग्रॅमची. म्हणजे तीच हवा, तेवढीच ऊब, पण पाणी उचलायची ताकद निम्म्याहूनही कमी. ९५ टक्क्यांना ती जवळजवळ संपते.

यात जाडीची भर पडते. आतलं पाणी बाहेर यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या पटीत वाढतो: जाडी दुप्पट, तर वेळ साधारण चौपट. भिंत ओळंब्यात आणण्यासाठी एखाद्या कोपऱ्यात २५-३० मिलिमीटर मसाला चढलेला असतो. बाकी खोली तयार होते तेव्हा तो कोपरा अर्धाही वाळलेला नसतो. वायरिंगसाठी फोडून भरलेल्या खाचांचंही तेच. गवंड्याला गिलावा करतानाच विचारून ठेवा की कुठे जाड बसलाय, आणि तिथे पेन्सिलने खूण करा. पुढे ही खूण फार उपयोगी पडते.

६. वाळला की नाही हे घरच्या घरी कसं तपासू?

प्लॅस्टिकची चाचणी सर्वांत सोपी. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा साधारण ४५ सेंटिमीटरचा चौकोन कापा. भिंतीवरची धूळ कोरड्या ब्रशने झटका, नाहीतर चिकटपट्टी धरत नाही. चारही बाजू हवा शिरणार नाही अशा पक्क्या चिकटवा. किमान १६ तास ठेवा, पूर्ण दिवस ठेवलात तर बरं. त्या भिंतीवर थेट ऊन नको.

काढण्याआधी नीट बघा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील किंवा प्लॅस्टिकखालचा गिलावा आजूबाजूपेक्षा गडद दिसत असेल, तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ते खोलीतल्या हवेचं दव आहे. तो वेगळा प्रश्न (प्रश्न ११).

या चाचणीचं एक उणेपण माहीत असू द्या. भिंत खोलीपेक्षा गार असेल तर आतलं पाणी आतच बसून राहतं आणि प्लॅस्टिक कोरडं दिसतं. म्हणून ओल दिसली तर उत्तर ठाम ‘नाही’ समजा. दिसली नाही तर ‘बहुधा हो’ समजा आणि दुसऱ्या पद्धतीने पडताळा.

ती दुसरी पद्धत मला जास्त आवडते. आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मापक त्याच प्लॅस्टिकखाली ठेवा आणि तसाच एक खोलीत टांगा. दोन दिवसांनी प्लॅस्टिकखालचा आकडा खोलीच्या आकड्यापेक्षा बराच वर असेल तर भिंत अजून पाणी सोडते आहे. दोन्ही जवळ आले की तिच्याकडे द्यायला फारसं उरलेलं नाही. मात्र खोलीतच ९० टक्के आर्द्रता असेल तर या बरोबरीला अर्थ नाही. आधी खोली कोरडी करा.

चाचणी एकाच ठिकाणी करू नका. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाणी मारताना ओघळ साचायचे त्या कोपऱ्यात आणि जाड गिलाव्याच्या खुणेवर करा. भिंतीच्या मधोमध केलेली चाचणी नेहमीच गोड बातमी देते.

७. ओल मोजायचं मीटर घेतलंय. किती आकडा आला की चालेल?

दोन सुया टोचायच्या मीटरमध्ये आकड्यापेक्षा त्याची चाल बघा. हे मीटर विजेचा अडथळा मोजतं, आणि बहुतेक मीटरवरची मोजपट्टी लाकडासाठी बनवलेली असते. गिलाव्यातले क्षार वीज वाहू देतात, म्हणून आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. एका मीटरवरचा १५ आणि दुसऱ्यावरचा १५ एकच असतील असंही नाही.

असं करा: भिंतीवर पाच-सहा ठिकाणी पेन्सिलने फुल्या मारा आणि दर आठवड्याला त्याच जागी मोजून लिहून ठेवा. घरात जुनी, नक्की कोरडी असलेली सिमेंटच्या गिलाव्याची भिंत असेल तर तिचाही आकडा घ्या. नव्या भिंतीचा आकडा उतरत उतरत जुनीच्या जवळ आला आणि सलग दोन आठवडे तिथेच राहिला की ओलीची बाजू संपली. रंगाच्या डब्यावर मर्यादा दिली असेल तर ती कोणत्या मोजपट्टीची आहे ते वाचून मगच तुलना करा.

८. भिंत कोरडी निघाली, तरी रंगारी अजून थांबा म्हणतो. का?

तो बरोबर सांगतोय. पाणी हा अर्धा प्रश्न, उरलेला अर्धा क्षारांचा.

सिमेंट घट्ट होताना विरलेला चुना (कॅल्शियम हायड्रॉक्साइड) तयार होतो. ताज्या गिलाव्याचा पीएच १२.५ ते १३च्या घरात असतो. एवढ्या तीव्र क्षारात तेलावर आधारलेला रंग टिकत नाही. क्षार आणि तेल मिळून साबण होतो. भिंतीवर रंगाऐवजी साबणाचा थर बसलेला असतो. माझ्याच घरी जिन्याच्या भिंतीवर हे घडलं. गिलावा खडखडीत वाटत होता म्हणून चौथ्या आठवड्यात ऑइल पेंट लावून घेतला. दोन महिन्यांनी भिंत बोटाला चिकटायला लागली, ओलं फडकं फिरवलं तर फेस आला. सगळं खरवडून काढावं लागलं. खरवडताना गिलावाही जागोजागी निघाला, आणि त्या दुरुस्तीने प्रश्न १८मधला धडा शिकवला.

अ‍ॅक्रिलिक इमल्शन (पाण्यात मिसळायचा रंग) क्षारांपुढे बरंच तग धरतं, पण रंगद्रव्याचं काय? प्रशियन निळा क्षारात टिकत नाही, तपकिरी पडतो. लोह ऑक्साइडचे गेरू, पिवळी माती असे रंग आणि थॅलो निळा, थॅलो हिरवा मात्र निर्धास्त राहतात. नव्या भिंतीवर गडद छटा ठिपक्याठिपक्यांनी उतरलेली दिसली तर बहुधा हेच झालेलं असतं.

हा क्षार कमी होतो तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे. तो छिद्रांतून शिरतो, विरलेल्या चुन्याशी मिळून खडू बनतो आणि पृष्ठभागाचा पीएच ९च्या आसपास उतरतो. यासाठी छिद्रं अर्धी रिकामी हवीत. ५० ते ७० टक्के आर्द्रतेत हे सर्वांत वेगाने होतं. छिद्रं पाण्याने भरलेली असली तर काम अडतं, कारण पाण्यातून हा वायू हवेच्या मानाने सुमारे १०,००० पट हळू सरकतो. दमट हवेत दुहेरी उशीर होतो तो असा: पाणी जात नाही, आणि पाणी जात नाही म्हणून क्षारही उतरत नाही.

९. क्षार उतरलेत हे कसं कळणार?

भिंतीवर शुद्ध केलेल्या पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून, मिनिटभर थांबून, पीएचची पट्टी दाबा आणि तिचा रंग डबीवरच्या तक्त्याशी ताडा. साधा प्रायमर वापरणार असाल तर १०च्या खाली उतरेपर्यंत थांबा. क्षाररोधक प्रायमर याहून जास्त सहन करतो, त्याच्या डब्यावरची मर्यादा पाहा. फिनॉल्फ्थॅलिनचा थेंबही चालतो: गर्द गुलाबी झाला तर क्षार अजून जोरात आहे. पण तो थेंब अशा जागी टाका जिथे नंतर खरवडता येईल.

१०. हीटर किंवा पंखा लावून लवकर वाळवता येईल का?

पंखा हवा फिरवतो, पाणी खोलीबाहेर काढत नाही. खिडकीतून हवा बाहेर ढकलायला लावला तर उपयोग आहे, बंद खोलीत छताला फिरत राहिला तर फारच थोडा.

गॅसची शेगडी किंवा गॅसचा हीटर लावू नका. एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी वाफ होऊन त्याच खोलीत राहतं. बंद खोलीत विषारी वायू साठण्याचा धोका आहे तो वेगळाच, आणि तो जिवावरचा आहे. विजेचा हीटर चालेल, पण सोबत हवा बाहेर जायला वाट हवी. भिंतीच्या अगदी जवळ ठेवून एकाच जागी झोत मारला तर तिथे भेगा पडतात.

खरं काम करतं ते हवेतलं पाणी काढणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर. दारं-खिडक्या बंद ठेवा, नाहीतर ते बाहेरचीच हवा वाळवत बसेल. त्याच्या टाकीत रोज किती पाणी जमतं ते लिहून ठेवा. हा तुमच्या भिंतीचा हिशेबच असतो. जमणारं पाणी कमी होत गेलं की भिंत वाळत आली. एसी असेल तर तोही कोरड्या मोडवर लावून हे काम करतो. यातलं काहीही पाणी मारायचे सात दिवस संपल्याशिवाय सुरू करू नका (प्रश्न ३).

११. खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद?

आर्द्रतेचा टक्का पाहून ठरवलं तर हमखास चुकतं, कारण टक्का तापमानावर अवलंबून असतो. हवेत प्रत्यक्ष किती ग्रॅम पाणी आहे ते महत्त्वाचं.

खोलीत ३० अंश आणि ८० टक्के आहे: घनमीटरला २४ ग्रॅम पाणी. बाहेर पाऊस पडतोय, २४ अंश आणि ९५ टक्के: २१ ग्रॅमच्या आत. बाहेरची हवा ओली वाटते, पण तिच्यात पाणी कमी आहे. खिडकी उघडा, फक्त सडा आत येऊ देऊ नका. आता पाऊस थांबला, ऊन तापलं: बाहेर ३२ अंश, ७५ टक्के, म्हणजे २५ ग्रॅम. खोली मात्र अजून गार आहे, २७ अंश आणि ८० टक्के, म्हणजे साडेवीस ग्रॅम. ऊन पाहून खिडक्या सताड उघडल्या तर ती गरम ओली हवा गार भिंतीवर येऊन तिथेच पाणी सोडेल. प्रश्न ६मध्ये प्लॅस्टिकच्या बाहेरच्या बाजूला दिसलेले थेंब असेच येतात.

तापमान आणि टक्का यांवरून ग्रॅम किंवा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव धरू लागतं ते) काढून देणारी साधी गणकं मोबाइलवर मिळतात. नसेल जमत तर एक थंड स्टीलचं भांडं भिंतीला टेकवून ठेवा. थोड्या वेळाने ते भिंतीइतकं होतं. खिडकी उघडल्यावर त्याच्यावर धुरकट दव धरलं, तर बंद करा.

१२. भिंतीवर पांढरी भुकटी फुटली आहे. हा खार की बुरशी?

पाण्याचा थेंब टाका. बोटाखाली करकरीत लागणारी भुकटी भिजल्यावर दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली तर तो खार, काही जण लोणा म्हणतात. पाणी बाहेर येताना आतले विरघळलेले क्षार सोबत आणतं आणि पृष्ठभागावर सोडून उडून जातं. भिंत वाळते आहे याचंच ते लक्षण.

कोरड्या ताठ ब्रशने झाडा, भुकटी गोळा करून बाहेर टाका. धुऊ नका. धुतलं की क्षार विरघळून परत आत जातात आणि पुन्हा फुटतात. आठवड्याने परत झाडा. झाडल्यावर नवा खार येणं बंद झालं की मगच प्रायमर. पांढरा थर पाण्याने विरघळत नसेल, कवच धरून बसला असेल, तर तो चुन्याचा खडू झालेला असतो. तो पॉलिशपेपरने घासून काढा. अ‍ॅसिड मारायचा सल्ला मिळेल, नव्या गिलाव्यावर तो ऐकू नका. अ‍ॅसिड सिमेंटलाच खातं आणि नवे क्षार मागे ठेवतं.

१३. आणि काळे-हिरवे ठिपके आले तर?

ती बुरशी. ताज्या गिलाव्याच्या तीव्र क्षारात ती सहसा वाढत नाही, म्हणून उघड्या नव्या गिलाव्यावर ती आली तर पृष्ठभागाचा क्षार उतरलाय पण ओल तशीच आहे, असा अर्थ निघतो. कोरडी झाडू नका, बीजाणू घरभर होतील. पातळ केलेलं ब्लीच लावा, पंधरा-वीस मिनिटांनी पुसा, वाळू द्या. खिडकी उघडी, हातमोजे घातलेले. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

१४. पुट्टी ओल्या गिलाव्यावरही चालते म्हणतात. खरं का?

पांढऱ्या सिमेंटची पुट्टी चालते. तिला घट्ट व्हायला पाणी लागतंच, म्हणून ती लावताना कोरडी भिंतही ओलावून घेतात. पण यातून लोक भलताच निष्कर्ष काढतात की पुट्टी लागली म्हणजे रंग लागेल. पुट्टीने पाण्याची आणि क्षाराची नवी भर घातली. दिवस पुन्हा मोजायचे, आणि चाचणी पुट्टीवर पुन्हा करायची.

अ‍ॅक्रिलिक पुट्टी आणि जिप्समचा लेप यांना ओल चालत नाही. ओल्या गिलाव्यावरचं जिप्सम मऊ पडून सुटतं.

१५. तोवर प्रायमर मारून ठेवू का? ओल अडून राहील.

अडून राहील, हीच तर अडचण. अडलेलं पाणी कुठेतरी जाणारच: थराला फुगा आणून, नाहीतर भिंतीच्या दुसऱ्या बाजूने, किंवा दाराच्या चौकटीत शिरून. ओल अडवणारे लेप तर याहून घट्ट बसतात. क्षाररोधक प्रायमर क्षारापासून रंगाला वाचवतो, पाण्यापासून नाही. तो प्रश्न ६च्या चाचणीनंतरच लावा.

१६. थांबणं शक्यच नसेल तर कोणता रंग लावावा?

वाफ आरपार जाऊ देणारा आणि क्षाराला न घाबरणारा. अशात पहिला येतो तो चुन्याचा हात. चुना आणि नवा गिलावा एकाच जातीचे, आणि चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पक्का होतो. दुसरा सिमेंट पेंट. तो तर ओलसर भिंतीवरच लावायचा असतो आणि नंतर त्याला पाणीही मारावं लागतं. तिसरा पोटॅशियम सिलिकेटचा खनिज रंग. अडॉल्फ विल्हेल्म काइम यांनी १८७८ साली त्याचं पेटंट घेतलं. तो भिंतीवर थर धरत नाही, तिच्या खनिजांशी रासायनिकरीत्या एकजीव होतो. बाहेरच्या भिंतींना तो अप्रतिम आहे. मात्र जुन्या ऑइल पेंटवर किंवा प्लॅस्टिक रंगावर बसत नाही.

हे तिन्ही नको असतील तर मॅट इमल्शनचा एकच पातळ हात तात्पुरता द्या आणि खरा रंग काही महिन्यांनी लावा. चकचकीत रंग, ऑइल पेंट, रबरासारखे जाड बाह्य लेप आणि वॉलपेपर सगळ्यांत शेवटी.

१७. बाहेरची भिंत वाळत आली होती, पाऊस पडला. दिवस पुन्हा पहिल्यापासून?

सहसा नाही. पक्क्या गिलाव्यात एका सरीचं पाणी वरच्याच थरात राहतं. दोन-तीन कोरडे दिवस आणि एक प्लॅस्टिकची चाचणी पुरते. सलग आठवडाभर झोडपलेली भिंत मात्र नव्याने मोजा.

रंग लावण्याच्या दिवशी दोन गोष्टी पाहा: हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली, आणि भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश वर. ३० अंश आणि ८० टक्के असताना दवबिंदू २६च्या आसपास येतो. सावलीतली भिंत २८ अंश असेल तर लावू नका, भले हवा उबदार वाटो. संध्याकाळी काम लवकर थांबवा. रात्री दव पडलं की न सुकलेल्या इमल्शनमधले साबणी घटक बाहेर येतात आणि तपकिरी, चिकट ओघळ दिसतात. ते आले तरी घाबरू नका. रंग पक्का झाल्यावर साध्या पाण्याने धुतले जातात.

१८. जुन्या भिंतीत फक्त एक ठिगळ नव्या गिलाव्याचं आहे. त्यासाठीही महिनाभर थांबायचं?

ठिगळ लहान असलं तरी त्यातला क्षार लहान नसतो. शिवाय आजूबाजूचा जुना रंग त्याला बाजूने वाळू देत नाही, सगळं पाणी समोरूनच जायचं. ठिगळ खोल असेल तर उलट जास्त वेळ लागतो (प्रश्न ५). वाळल्यावर ठिगळावर क्षाररोधक प्रायमर लावा आणि रंग मात्र पूर्ण भिंतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत द्या. ठिगळ रंग जास्त शोषतं, नुसतं तेवढंच रंगवलं तर कायम दिसत राहतं.

१९. लवकर वाळण्यासाठी मसाल्यात रसायन घालतात, ते घालू का?

ती रसायनं लवकर घट्ट करतात, लवकर वाळवत नाहीत. त्यातली क्लोराइडची तर आतल्या सळया गंजवतात आणि हवेतलं पाणी ओढून घेतात. दमट हवेत नकोच.

२०. तीन महिने झाले, सगळं केलं, तरी एक जागा वाळतच नाही.

मग ते गिलाव्याचं पाणी नाही. कुठून तरी नवं येतंय, आणि डागाचा आकार बहुतेक वेळा सांगून टाकतो. जमिनीपासून वर चढलेला, मीटरभर उंचीवर नागमोडी रेघेत थांबलेला डाग म्हणजे पायातून चढणारी ओल. खिडकीखाली मिशीसारखे दोन ओघळ म्हणजे खिडकीच्या खालच्या फळीला बाहेर उतार नाही किंवा तिची सांध उघडी आहे. गोल, मधोमध गडद आणि ऊन-पाऊस काहीही असलं तरी तसाच राहणारा डाग म्हणजे आतला नळ.

अजून एक प्रकार आहे, त्यात लोक वर्षानुवर्षं गळती शोधत राहतात. दमट दिवशी जागा ओली होते, कोरड्या दिवशी खणखणीत वाळते, आणि पाण्याचा कुठेच पत्ता नसतो. तिथे मसाल्यात मीठ असतं: न धुतलेली खारी वाळू किंवा खारं पाणी वापरलेलं. मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. ही भिंत कितीही थांबलात तरी तयार होणार नाही. तेवढा गिलावा विटेपर्यंत फोडून गोड्या वाळूने नवा करावा लागतो.

नळाचा संशय असेल तर रात्री पाण्याचा मुख्य कॉक बंद करा, भिंतीवरच्या फुलीवर ओलीच्या मीटरचा (प्रश्न ७) आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कॉक उघडण्याआधी त्याच फुलीवर पुन्हा मोजा. दोन-तीन रात्री हे करून आकडा दरवेळी उतरत असेल तर रंगाऱ्याच्या आधी प्लंबरला बोलवा.